विल्यम विल्सन : मद्यपींचा सोबती

दारूने एकही घर बुडविले नाही असे गाव आपल्या नाशिक जिल्ह्यात क्वचितच सापडेल. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात मोहाची दारू आहे, खेड्यापाड्यांत हातभट्टीची आहे व शहरालगत गुत्त्याची आहे. दारू कोणतीही असो, घरातील भांडी मोडीत जाणे, मुलाची शाळा सुटणे व बायकोच्या अंगावर हात पडणे हा क्रम सारखाच असतो. आपल्या मंडळ्यांतही हे दुःख आहे, हे पाळक व उपदेशक जाणतात.

आपण त्यावर बहुधा एकच उपाय करीत आलो. व्यसनी भावास उपासनेच्या अखेरीस पुढे बोलवावे, त्याच्याकडून पवित्र शास्त्रावर हात ठेवून शपथ घेववावी व सर्वांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तो रडतो आणि शपथ घेतो, व त्या दिवशी सर्वांस आनंद होतो. मग सोमवार उजाडतो. सर्वजण आपापल्या कामास जातात आणि तो एकटा राहतो. पंधरा दिवसांनी तो पुन्हा गुत्त्यावर दिसला म्हणजे त्याची शपथ खोटी होती असे आपण म्हणतो. परंतु बहुधा ती शपथ खरीच असते. ती पाळण्याच्या कामी त्याच्याजवळ बसणारे मात्र कोणी नसते. ही गोष्ट ज्या पुरुषाने स्वतःच्या देहावर भोगून जगास शिकविली, त्या विल्यम विल्सन यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागात व्हर्माँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. त्यातील ईस्ट डॉर्सेट या लहान गावी २६ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्यम विल्सन यांचा जन्म झाला. त्यांस सर्वजण बिल म्हणत. त्यांच्या वडिलांच्या घराण्याचे गावात एक हॉटेल होते, आणि त्यातील मद्य विकण्याच्या दालनामागच्या खोलीत या मुलाने प्रथम डोळे उघडले. वडील संगमरवराच्या खाणींवर काम करीत व मद्यही पीत. वडिलांचे वडील तर मोठेच मद्यपी होते. त्यांनी अनेकदा शपथा घेतल्या व अनेकदा मोडल्या. अखेर एका रविवारी ते गावाजवळच्या डोंगरावर एकटेच गेले व तेथे देवाचा धावा केला. तेथून ते धावत मंदिरात आले आणि त्यानंतर त्यांनी मरेपर्यंत मद्यास स्पर्श केला नाही. आजोबांची ही गोष्ट घरात सांगितली जात असे.

बिल दहा-अकरा वर्षांचा असताना आईबाप विभक्त झाले. वडील दूर पश्चिमेस निघून गेले. आई वैद्यकीचे शिक्षण घेण्यास बॉस्टन शहरी गेली, व बिल आणि त्याची धाकटी बहीण आईच्या आईबापांकडे राहिली. टाकून दिल्याचे शल्य त्या मुलाच्या मनात खोल रुतले, आणि आपण कोणाहून कमी नाही हे दाखविण्याचा त्यास ध्यास लागला. ऑस्ट्रेलियातील मूळचे लोक फेकले असता परत येणारे एक लाकडी हत्यार करतात. ते दुसऱ्या कोणासही साधत नाही, असे आजोबा एकदा सहज बोलले. एवढ्यावरून हा मुलगा सहा महिने लाकूड तासत बसला. शेवटी त्याने आपल्या पलंगाच्या उशाकडील फळी कापून ते हत्यार केले व परत आणून दाखविले. ही जिद्द चांगली खरी, परंतु सर्वांत पहिला येण्यातच तिचे समाधान होते. पुढे १९१२ साली त्याच्या प्रीतीतील एक सहाध्यायी मुलगी शस्त्रक्रियेनंतर अकस्मात वारली, तेव्हा तो असा खचला की त्यास शाळेचे शिक्षण वेळेवर पुरे करता आले नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली, तेव्हा विल्सन तोफखान्यात अधिकारी झाले. १९१७ साली त्यांची नेमणूक समुद्रकाठच्या न्यू बेडफर्ड गावाजवळ होती. तेथील श्रीमंत लोक तरुण अधिकाऱ्यांस घरी मेजवानीस बोलावीत. स्वभावाने बुजरे असलेले विल्सन त्या बड्या मंडळींत अवघडून उभे राहत. अशाच एका मेजवानीत त्यांच्या हाती पहिला प्याला आला. तो पोटात जाताच आपल्यातील व लोकांतील भिंत कोसळली असे त्यांस वाटले. ते हसू-बोलू लागले व आपण या लोकांतलेच आहोत असे त्यांस प्रथमच वाटले. मनुष्य बहुधा एकटेपण घालविण्यासाठी दारूकडे जातो, आणि ती त्यास पुढे पूर्वीपेक्षाही एकटे करून सोडते. विल्सन यांचेही तसेच झाले.

२४ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा विवाह ब्रुकलिन येथील एका डॉक्टरांची कन्या लोइस यांच्याशी झाला. युद्धाहून परतल्यावर विल्सन यांनी कायद्याचा अभ्यास केला. परंतु त्यांचे खरे लक्ष शेअरबाजाराकडे होते. एखाद्या कंपनीचे समभाग घेण्यापूर्वी तिचे कारखाने प्रत्यक्ष जाऊन पाहावेत ही कल्पना त्या वेळी नवी होती. १९२५ साली हे पतिपत्नी मोटारसायकलवर तंबू बांधून निघाले व गावोगावचे कारखाने पाहत हिंडले. त्यातून पुढे पुष्कळ पैसा मिळाला, आणि पैशाबरोबर पिणेही वाढले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९२० पासून १९३३ पर्यंत साऱ्या अमेरिकेत दारूबंदीचा कायदा होता, आणि विल्सन यांच्या आयुष्यातील अत्यंत भ्रष्ट वर्षे तीच होती. आपल्या इकडेही मुंबई प्रांताने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला, तरी हातभट्ट्या विझल्या नाहीत. कायद्याने नवा पिणारा कदाचित थांबतो, परंतु ज्याच्या शरीरात तहान शिरली आहे तो वाट शोधून काढतोच.

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. विल्सन यांचे वैभव काही दिवसांत गेले व डोक्यावर कर्ज राहिले. पतिपत्नी सासऱ्यांच्या ब्रुकलिनमधील घरी येऊन राहिली. लोइस एका मोठ्या दुकानात नोकरी करून संसार चालवीत, आणि पती त्यांच्या पिशवीतील पैसे काढून मद्य आणीत. त्यांच्या घरी एक कौटुंबिक बायबल होते. त्याच्या पानावर विल्सन यांनी १९२८ पासून पुढील दोन वर्षांत निरनिराळ्या तारखांस, पुन्हा कधी पिणार नाही अशा शपथा पत्नीच्या नावे लिहून दिल्या. त्यांतील एकही टिकली नाही. तरीही त्या लिहिताना ते लबाडी करीत नव्हते. प्रत्येक वेळी ते मनापासूनच लिहीत होते.

आपल्या वाचकांस येथे राम गणेश गडकरी यांच्या नाटकातील सुधाकर आठवेल. गडकरी १९१९ च्या जानेवारीत वारले व त्याच वर्षी त्यांचे एकच प्याला हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर वकील होता, बुद्धिमान होता व मानी होता. त्यानेही मध्यंतरी दारू सोडण्याचा खरा निश्चय केला होता. परंतु तो काम मागावयास गेला तेव्हा लोकांनी त्यास झिडकारले, व तो प्याल्याकडे परतला. पिणाऱ्यांचे एक मंडळ त्यास सहज मिळाले होते. सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ मात्र त्याच्यासाठी कोठेच नव्हते.

१९३३ व १९३४ या वर्षांत विल्सन यांस न्यूयॉर्कमधील टाउन्स हॉस्पिटलात वारंवार ठेवावे लागले. तेथील डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ हे फार दयाळू गृहस्थ होते. त्यांनी हजारो मद्यपी पाहिले होते. काही माणसांच्या शरीरास मद्य सोसत नाही, पहिला प्याला आत गेला की त्यांच्या शरीरातच अनावर तहान उत्पन्न होते, आणि त्यांच्या मनासही असा वेध लागलेला असतो की पूर्वीचे सर्व दुःख विसरून ते पुन्हा पहिल्या प्याल्याकडे वळते, असे त्यांचे मत होते. म्हणून ते मद्यासक्तीस केवळ दुर्गुण न म्हणता रोग म्हणत. विल्सन यांस ही गोष्ट पटली, तरी ती जाणल्याने त्यांचे पिणे थांबले नाही. तेव्हा डॉक्टरांनी लोइस यांस सांगितले की, आता तुमचे पती मरतील अथवा वेडे होतील, नाहीतर त्यांस कायमचे कोंडून ठेवावे लागेल.

१९३४ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांचा एक जुना मित्र एबी थॅचर घरी भेटावयास आला. हाही नामांकित मद्यपी होता. विल्सन यांनी टेबलावर मद्य ठेवले, परंतु एबीने प्याला बाजूस सारला. तो त्या काळी ऑक्सफर्ड ग्रुप या नावाच्या ख्रिस्ती लोकांच्या संगतीत आला होता. आपली लाचारी कबूल करावी, आपले अपराध दुसऱ्या एका मनुष्यापाशी मोकळेपणाने सांगावे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करावी, देवाजवळ मार्ग मागावा व दुसऱ्यास साहाय्य करावे, असा त्या लोकांचा क्रम होता. न्यूयॉर्कमध्ये पाळक सॅम्युएल शूमेकर यांच्या कॅल्व्हरी मंडळीने निराधारांसाठी एक आश्रय चालविला होता, व एबी तेथे राहत असे. विल्सन यांस धर्माचा तिटकारा होता. पाळकाने हेच सांगितले असते तर त्यांनी ऐकले नसते. परंतु सांगणारा आपल्यासारखाच बुडालेला मनुष्य होता, आणि तो शुद्धीवर होता. हे त्यांस नाकारता येईना.

११ डिसेंबर १९३४ रोजी विल्सन अखेरचे त्या हॉस्पिटलात गेले. दोन-तीन दिवसांनी अत्यंत निराशेत त्यांनी, देव असेल तर त्याने प्रगट व्हावे, असा टाहो फोडला. तेव्हा सारी खोली प्रकाशाने भरून गेली व अपूर्व शांती आपल्या अंतःकरणात आली, असे ते पुढे सांगत. आपण वेडे झालो की काय अशी त्यांस भीती वाटली. डॉक्टर सिल्कवर्थ यांनी सर्व ऐकून घेतले व हे जे काही मिळाले आहे ते घट्ट धरून ठेवा असे सांगितले. त्या वेळी त्यांस तीव्र औषधे दिली जात होती, म्हणून कोणी त्या अनुभवाविषयी शंका घेतात. परंतु इतके खरे की, त्यानंतर छत्तीस वर्षे त्यांनी मद्याचा थेंबही घेतला नाही.

तथापि आपल्या विषयाचे मर्म यानंतरच्या सहा महिन्यांत आहे. विल्सन यांस वाटले की, आता आपण जगातील सर्व मद्यपींस वाचवू. ते हॉस्पिटलात व आश्रयात जाऊन मद्यपींस गाठीत व आपल्या दर्शनाची गोष्ट आवेशाने सांगत. काहींस त्यांनी घरी आणून ठेवले. सहा महिन्यांत एकही मनुष्य सुधारला नाही. ते निराश झाले, तेव्हा पत्नीने त्यांच्या लक्षात आणून दिले की, दुसरे कोणी सुधारले नसले तरी तुम्ही स्वतः एवढे दिवस प्यालेले नाही. डॉक्टरांनीही त्यांस एक मोलाचा सल्ला दिला. तुम्ही फार उपदेश करता. प्रथम आपल्या रोगाची हकीकत सांगा, हा रोग किती असाध्य आहे ते त्यास पटू द्या, आणि देवाची गोष्ट मागाहून बोला, असे त्यांनी सुचविले. आपण उपदेशकांनी हा सल्ला मनात साठवून ठेवावा.

१९३५ च्या मे महिन्यात एका यंत्र-कंपनीचा ताबा मिळविण्याच्या खटपटीत विल्सन ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले होते. खटपट फसली. बरोबरचे लोक परत गेले व ते मेफ्लॉवर हॉटेलात एकटे उरले. त्यांच्या खिशात दहा डॉलरांच्या आसपास होते. शनिवारची संध्याकाळ होती. दिवाणखान्याच्या एका टोकास मद्याचे दालन होते व तेथून हसण्याचे आवाज येत होते. आत जाऊन थोडे लोकांत बसावे, एखादे साधे पेय घ्यावे, कदाचित एखादा प्यालाही चालेल, असे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. मग ते एकाएकी घाबरले. या क्षणी आपणांस वाचवावयास उपदेश पुरणार नाही, आपणांस दुसरा एखादा मद्यपी भेटला पाहिजे, असे त्यांस स्पष्ट दिसले.

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकास टेलिफोन होता, आणि जवळच शहरातील मंदिरांची व पाळकांची यादी लावलेली होती. त्यांनी त्यातील एक नाव निवडले व टेलिफोन केला. ते नाव पाळक वॉल्टर टंक्स यांचे होते. एक अनोळखी मनुष्य आपण न्यूयॉर्कचा मद्यपी आहो व आपणांस दुसऱ्या मद्यपीशी बोलावयाचे आहे असे सांगतो, हे ऐकून कोणासही नवल वाटले असते. परंतु पाळकांनी त्यास धुडकावले नाही. त्यांनी त्यास सुमारे दहा लोकांची नावे दिली. त्या नावांचा माग काढता काढता विल्सन यांची गाठ हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी पडली. त्या व त्यांचे काही स्नेही शहरातील एका पिणाऱ्या डॉक्टरासाठी कित्येक दिवस प्रार्थना करीत होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, बाईंनी त्या डॉक्टरास बोलावून घेतले.

ते डॉक्टर रॉबर्ट स्मिथ होत. ते शस्त्रवैद्य होते, वयाने ५५ वर्षांचे होते व मूळचे व्हर्माँटचेच होते. दोन वर्षांहून अधिक काळ ते ऑक्सफर्ड ग्रुपच्या सभांस जात होते, शास्त्र वाचीत होते व प्रार्थना करीत होते. तरीही रोज रात्री ते पीत होते. ते पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही अशा अटीवर आले. परंतु संध्याकाळी पाच वाजता सुरू झालेले बोलणे रात्री अकरा वाजून गेले तरी चालले होते. विल्सन यांनी त्यांस उपदेश केला नाही. त्यांनी आपली स्वतःची हकीकत सांगितली, आणि मी तुमच्यासाठी आलो नाही, माझ्याच गरजेने आलो आहे, असे सांगितले. डॉक्टर स्मिथ यांस आजवर पुष्कळांनी सांगितले होते, परंतु स्वतः भोगलेला असा मनुष्य प्रथमच त्यांच्यापुढे बसला होता.

यानंतर सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. विल्सन त्या उन्हाळ्यात स्मिथ यांच्याच घरी राहिले. सकाळी डॉक्टरांची पत्नी ॲन शास्त्र वाची व सर्व मिळून प्रार्थना करीत. तरी काही आठवड्यांनी डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेस गेले व तेथून पिऊन आले. त्यांस कोणी हाकलले नाही, किंवा त्यांची साक्ष खोटी होती असेही म्हटले नाही. विल्सन त्यांच्याजवळ बसून राहिले. १० जून १९३५ रोजी डॉक्टर स्मिथ यांनी अखेरचा घोट घेतला. तोच दिवस पुढे या बंधुसंघाचा स्थापनादिन मानला गेला. त्याच महिन्यात दोघे मिळून शहरातील रुग्णालयात खाटेस बांधून ठेवलेल्या एका वकिलास भेटले व तो तिसरा झाला. तो मनुष्य पूर्वी देवळात नेमाने जाणारा होता. देवावर विश्वास असूनही त्याचे व्यसन सुटले नव्हते. हे दोघे मात्र रोज येऊन त्याच्या खाटेजवळ बसले.

पुढील वाढ सावकाश झाली. १९३७ च्या अखेरीस दोघांनी हिशेब केला तेव्हा शुद्धीवर टिकलेले सुमारे ४० लोक निघाले. कोट्यधीश जॉन रॉकफेलर धाकटे यांच्याकडे मोठे द्रव्य मागितले गेले. त्यांनी ५,००० डॉलर दिले, परंतु अधिक पैसा या कार्याचा नाश करील असे त्यांचे मत पडले. ते मत बरोबर ठरले. १९३९ च्या एप्रिलमध्ये विल्सन यांनी लिहिलेले व सर्वांनी तपासलेले पुस्तक निघाले, त्यात सुटकेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्या पुस्तकाच्या नावावरूनच संघास अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनाम मद्यपी, हे नाव पडले. आपल्याकडे त्यास थोडक्यात ए. ए. म्हणतात. त्याच वर्षी विल्सन यांचे राहते घर हातचे गेले, व पतिपत्नी दोन वर्षे मित्रांच्या घरोघरी बिऱ्हाड हलवीत राहिली. १ मार्च १९४१ रोजी एका मोठ्या साप्ताहिकात त्यांच्या कार्यावर लेख आला, तेव्हा संघात सुमारे २,००० लोक होते. वर्षअखेर ते ८,००० झाले.

मद्यपींस मान व सत्ता किती घातक असते हे विल्सन स्वतःवरूनच जाणत होते. म्हणून त्यांनी संघासाठी घालून दिलेले नियम विचार करण्याजोगे आहेत. संघात येण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढेच पुरे. वर्गणी नाही. सभेचा खर्च सभासद स्वेच्छेने टाकतील त्या नाण्यांतून भागवावा व बाहेरच्यांकडून देणगी घेऊ नये. कोणत्याही पंथाची किंवा पक्षाची बाजू घेऊ नये. वर्तमानपत्रात कोणी सभासद म्हणून आपले पुरे नाव छापू नये. कोणी धनी नाही, सर्व सेवक. हे नियम १९५० साली क्लीव्हलंड येथील मेळाव्यात मान्य झाले. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला डॉक्टर स्मिथ वारले. १९५५ साली विल्सन यांनी संघाचा कारभार सभासदांच्या प्रतिनिधींच्या हवाली केला. येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी त्यांनी त्याआधीच नम्रपणे नाकारली होती.

ते निर्दोष संत होते असे कोणी समजू नये. १९४४ पासून कित्येक वर्षे ते खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेले होते. धूम्रपान त्यांस सुटले नाही, व शेवटी फुप्फुसांच्या रोगानेच त्यांचा अंत झाला. ज्या एबीने त्यांस प्रथम वाट दाखविली तो मित्र नंतर पुन्हापुन्हा पीत राहिला. विल्सन यांनी त्यास कधी टाकले नाही, व आयुष्याच्या अखेरीस एबी सुमारे दोन वर्षे शुद्धीवर राहून १९६६ साली वारला. २४ जानेवारी १९७१ रोजी, आपल्या विवाहाच्या ५३ व्या वाढदिवशी, विल्यम विल्सन निवर्तले. ईस्ट डॉर्सेट येथील त्यांच्या कबरेच्या दगडावर संघाचा उल्लेखही नाही.

लोइस यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. पती सुधारल्यावर आपल्या मनातील राग व भीती मात्र तशीच आहे, हे त्यांस उमगले. सभा चालू असता मद्यपींच्या बायका बाहेर थांबत, व त्यांचेही दुःख तेच असे. त्यावरून १९५१ साली त्यांनी व त्यांच्या एका मैत्रिणीने कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन हा निराळा संघ उभारला. आपल्या गावातील कित्येक भगिनी पतीचे पिणे हे आपलेच पाप समजून लपवून ठेवतात. त्यांसही बोलावयास जागा हवी असते.

हा बंधुसंघ १९५७ साली भारतात आला व मुंबईत त्याच्या सभा भरू लागल्या. पुण्यास २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले. तेथेही बरे झालेल्यांनी आजाऱ्यांस हात देण्याची रीत आहे, आणि पत्नींसाठी वेगळा गट आहे. आपल्या नाशिक शहरातही ए. ए.च्या सभा भरतात. त्यांत तासदीड तास बसून एकामागून एक सभासद आपली हकीकत सांगतो व इतर ऐकतात. कोणी मध्ये बोलत नाही, कोणी दोष देत नाही, व तेथे ऐकलेले बाहेर सांगत नाही. नव्या मनुष्यास जन्मभराची शपथ घ्यावयास लावीत नाहीत. आजचा एक दिवस पिऊ नये, उद्याचे उद्या पाहू, एवढेच सांगतात.

तेव्हा पाळकांनी व उपदेशकांनी काय करावे? प्रथम हे जाणावे की, पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर त्यास कंप, आकडी व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून त्यास आधी डॉक्टरांकडे न्यावे. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांच्या डॉक्टरांकडे विचारले असता उपचारांची, केंद्रांची व सभांची माहिती मिळते. भारत सरकारने व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा विनामूल्य टेलिफोन क्रमांक ठेवला आहे, तेथेही विचारता येते. ही माहिती आपल्या वहीत लिहून ठेवावी. ॲक्रनच्या त्या पाळकांजवळ काही नावे होती, म्हणून त्या संध्याकाळी त्यांस उत्तर देता आले. आपणांस कोणी असे विचारले तर आपल्याजवळ एक तरी नाव असावे.

दुसरे, त्यास नुसता पत्ता सांगून पाठवू नये. पहिल्या सभेस जाताना मनुष्यास लाज वाटते, व एस. टी.च्या थांब्यावरूनच तो परत फिरतो. त्याच्याबरोबर जावे. ज्या सभा केवळ मद्यपींसाठी असतात तेथे आपण बाहेर बसावे व त्यास घेऊन परत यावे. गावापासून सभा लांब असेल तर ज्याने दारू सोडून वर्ष-दोन वर्षे झाली आहेत असा जवळपासचा मनुष्य शोधावा, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, आणि दोघांची आठवड्यातून एकदा गाठ घालून द्यावी. दोन मनुष्यांनीच ॲक्रन येथे आरंभ केला होता. मंडळीची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ रिकामी असते. ती या लोकांस देता येईल, व त्यांची गोष्ट त्यांसच बोलू द्यावी.

तिसरे, तो पुन्हा प्याला तर त्याच्या घरी जाणे बंद करू नये. डॉक्टर स्मिथ पुन्हा प्याले होते, हे आठवावे.

शपथ घेवविणे सोडावे असे आमचे म्हणणे नाही. शपथ घेतल्यावर सोमवारी त्याच्या दारी कोण जाणार, हे मात्र शपथेपूर्वीच ठरलेले असावे. प्रत्येक मंडळीने येत्या रविवारी उपासनेनंतर क्षणभर थांबून आपल्या गावातील असा कोणता भाऊ एकटा पडला आहे याचा विचार करावा, आणि त्याच आठवड्यात कोणी तरी त्याच्या घरी जावे.